करारात ‘चिन्हे’ म्हणजे नेमकं काय? (परिशिष्ट अ कोरं आहे)

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, आधीच सांगतो, वकिलाकडे जाणार आहेच. पण तिथे बसून काय विचारायचं तेवढं तरी कळावं, म्हणून हा धागा.

आम्ही दोघंच जण. एका मोठ्या कंपनीच्या प्रणालीला जोडून चालणारं छोटं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलंय, शिवाय ती प्रणाली कशी वापरायची याचं प्रशिक्षणही देतो. आता कंपनी म्हणते, आमचं नाव आणि लोगो वापरायचा असेल तर परवाना करार करा. मसुदा एकतीस पानी. त्यातली ट्रेडमार्कची व्याख्या अशी (भाषांतर माझं, बोजडपणा मूळचा):

"‘चिन्हे’ म्हणजे परिशिष्ट अ मध्ये दिलेली, तसेच कंपनी वेळोवेळी कळवील ती सर्व नावे, बोधचिन्हे, घोषवाक्ये व रंगसंगती, आणि त्यांच्याशी गल्लत होण्याइतके साम्य असलेले कोणतेही चिन्ह, नोंदणीकृत असो वा नसो."

परिशिष्ट अ उघडलं तर वर मथळा आणि खाली अख्खं पान कोरं. तळाशी बारीक अक्षरात ‘नंतर जोडण्यात येईल’.

भागीदार म्हणतो, कर सही, व्याख्या जितकी रुंद तितकं आपल्यालाच जास्त वापरायला मिळेल. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते सांगता येत नाहीये. कुणी असे करार केलेत का?

---

खोडरबर | सोमवार, रात्री १०:५१

कोऱ्या चेकवर निदान आकडा कुठे लिहायचा ती जागा ठरलेली असते. इथे तीही नाही.

---

टाचणी | सोमवार, रात्री ११:०३

+१. वाचतेय.

---

जुनी_दौत | मंगळवार, सकाळी ७:१५

अर्धविराम, तुमच्या भागीदाराचं अर्धं बरोबर आहे, आणि तेवढं अर्धंच वाचून लोक फसतात. मी वीसेक वर्षं असले मसुदे करतोय, दोन्ही बाजूंनी. व्याख्येचं कलम एकटं कधी वाचू नका. ‘चिन्हे’ हा शब्द पुढे कुठे कुठे आलाय ते शोधा. एका ठिकाणी लिहिलेलं असेल, ‘कंपनी चिन्हे वापरण्याची परवानगी देते’. तिथे रुंद व्याख्या तुमच्या फायद्याची. पण तोच शब्द पुढे ‘परवानाधारक चिन्हांवर कधीही हक्क सांगणार नाही’, ‘चिन्हांचा सगळा नावलौकिक कंपनीचा’, ‘करार संपताच चिन्हे वापरणं थांबवील’ अशा कलमांत येतो. तिथे जितकी व्याख्या रुंद, तितकं तुमचं जास्त जातं. एकच बादली, ओतायलाही तीच आणि उपसायलाही तीच.

दुसरं. युरोपच्या ट्रेडमार्क कायद्यात एक उपयुक्त यादी आहे. परवानाधारकाने मुदत, चिन्हाचं नोंदवलेलं रूप, कोणत्या वस्तू वा सेवा, कोणता प्रदेश आणि मालाचा दर्जा यांपैकी कशाबद्दलचीही अट मोडली, तर मालक केवळ करारभंगाचा नाही, थेट ट्रेडमार्क हक्कांचा दावा लावू शकतो. तुमच्या मसुद्यात या पाचांची उत्तरं स्पष्ट सापडतात का ते बघा. कोऱ्या परिशिष्टामुळे पहिल्या फटक्यात दोन तरी गायब आहेत.

ही यादी पुस्तकी नाही. डिओर या महागड्या फॅशन कंपनीने आपल्या नावाची अंतर्वस्त्रं बनवायचा परवाना एका कंपनीला दिला होता, अट अशी की स्वस्तातल्या दुकानदारांना माल द्यायचा नाही. ती कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि तिने नेमका तिथेच माल विकला. युरोपच्या न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की अशा विक्रीने मालाच्या प्रतिष्ठेला, त्या झळाळीला धक्का बसत असेल तर तो दर्जाचाच भंग, आणि मालक ट्रेडमार्क कायद्याखाली दाद मागू शकतो. म्हणजे ‘दर्जा’ या शब्दात नुसती शिवण येत नाही.

---

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ९:३०

शोधलं. ‘चिन्हे’ सत्तेचाळीस वेळा. परवानगी देणारं वाक्य एक. उरलेल्या सगळ्यांत मी काय करायचं नाही ते.

---

खोडरबर | मंगळवार, सकाळी ९:३४

सेहेचाळीस नकार पचवून एक होकार. कराराला स्थळ म्हणतात ते उगाच नाही. (कुणीच म्हणत नाही, आत्ता सुचलं.)

---

वाटसरू_दोन | मंगळवार, दुपारी १:२०

व्याख्या जाऊ द्या, मला जास्त खटकतं ते तपासणीचं कलम. आमच्या करारात होतं: प्रशिक्षणाचा प्रत्येक कागद पंधरा दिवस आधी पाठवा, ते पास करतील, मग छापा. शिवाय कधीही येऊन वर्गात मागे बसणार. पैसे आम्ही मोजतो आणि वर ही पाळत. नाव दिलंय की नजरकैद? मोठ्या कंपन्यांची दादागिरी आहे ही, दुसरं काही नाही. अर्धविराम, ते कलम उडवायला सांगा.

---

शाई_सांडली | मंगळवार, दुपारी २:०५

वाटसरू, इथे सपशेल असहमत. ते कलम त्यांनी ठेवलं नाही तर त्यांचं नावच हातचं जाऊ शकतं.

ट्रेडमार्क म्हणजे ग्राहकाला दिलेली खूण: या नावाखाली जे मिळेल ते एकाच्या देखरेखीखाली तयार झालंय. मालकाने नाव भाड्याने दिलं आणि मग ढुंकून पाहिलं नाही, तर ती खूण खोटी ठरते. अमेरिकेत याला नेकेड लायसन्सिंग म्हणतात. तिथल्या एका वधूवस्त्रांच्या दुकानाचं, इव्हाज ब्रायडलचं, नाव घरच्याच नातेवाइकांना परवान्याने दिलं होतं. मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, नाव मात्र चालूच राहिलं. पुढे खटला झाला तेव्हा मूळ मालकांचं म्हणणं काय, तर त्यांचं काम उत्तमच होतं, देखरेखीची गरजच पडली नाही. २०११ मध्ये अपील न्यायालयाने ते उडवून लावलं. मुद्दा दर्जा उंच असण्याचा नाही, तो सारखा राहील यावर मालकाचा ताबा असण्याचा आहे. मालकांनी चिन्ह गमावलं.

फ्रीसायकलचं त्याहून गमतीदार. नको असलेल्या वस्तू फुकट देणाऱ्या गटांचं जाळं. एका स्थानिक गटाला लोगो वापरायची परवानगी एका साध्या ईमेलवर दिली होती, अट एवढीच की व्यापारी कामाला वापरू नका. २०१० मध्ये न्यायालय म्हणालं, यात नियंत्रण कुठेच नाही, चिन्हावरचा हक्क सोडल्यात जमा.

---

खोडरबर | मंगळवार, दुपारी २:११

नेकेड लायसन्सिंग?! संपादक, धाग्याला वयाची अट लावा.

---

वाटसरू_दोन | मंगळवार, दुपारी २:४०

ठीक, तपासणी हवी हे मान्य. पंधरा दिवस मान्य नाहीत. सोमवारी वर्ग आणि शुक्रवारपर्यंत उत्तर नाही, असं आमचं तीनदा झालं. शेवटी लोगो काढून टाकला आणि साध्या पानांवर शिकवलं. परवान्याचे पैसे भरून!

---

जुनी_दौत | मंगळवार, दुपारी ३:१०

यावर साधा तोडगा आहे: ‘दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं समजलं जाईल’. कंपन्या कुरकुरतात, पण बऱ्याचदा देतात. एकदा पास झालेला मजकूर किरकोळ बदलाने पुन्हा पाठवावा लागणार नाही, हेही घालून घ्या.

---

पानगळ | मंगळवार, रात्री ९:२५

शाई_सांडली यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे नाव देणारी.

हाताने बांधलेल्या वह्या करायचे मी. नाव नोंदवलेलं होतं, रीतसर. मागणी वाढली, मला झेपेना. ओळखीतल्या एका छपाईवाल्यांना म्हटलं, तुम्ही करा माझ्या नावाने, विक्रीतला वाटा मला द्या. सगळं फोनवर. पहिली खेप आली ती माझ्याहून सुबक, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या खेपेला दोरा पातळ. तिसऱ्या खेपेत शिवणच नव्हती, नुसता गोंद. ते मला कळलं कसं, तर एका बाईंनी फोटो पाठवला. टेबलावर सुटी पानं पसरलेली, बाजूला रिकामं पुठ्ठ्याचं कव्हर आणि त्यावर माझं नाव, मी स्वतः काढलेल्या अक्षरांत.

बंद करा म्हटलं तर म्हणाले, कुठे लिहिलंय असं? संकेतस्थळाचा पत्ताही त्यांनी त्यांच्याच नावावर घेतलेला. तो मिळवायला वर्ष गेलं. तेव्हा अर्धविराम, ती पाळत वाटते खरी, पण कव्हरवर नाव ज्याचं असतं त्याला फोटो येतो.

---

टाचणी | मंगळवार, रात्री ९:४८

पानगळताई, वाचून कसंसंच झालं. वह्या अजून करता का?

---

पानगळ | मंगळवार, रात्री १०:०२

करते. थोड्याच. दोरा स्वतः ओवते.

---

संकेतशब्द | बुधवार, सकाळी ८:४०

सॉफ्टवेअरचा विषय आहे आणि जावाचं नाव अजून निघालं नाही? १९९६ मध्ये जावा ही संगणकभाषा तयार करणाऱ्या सन कंपनीने मायक्रोसॉफ्टला जावा तंत्रज्ञानाचा परवाना दिला, आणि वाफाळत्या कपाचा ‘जावा कम्पॅटिबल’ लोगो वापरायचा करार वेगळा. हे वेगळेपण महत्त्वाचं. लोगो लावायचा तर सनच्या चाचण्या पास व्हायला हव्यात. ऑक्टोबर १९९७ मध्ये सन कोर्टात गेली, की यांचं उत्पादन चाचण्या पास न होताच लोगो मिरवतंय. मार्च १९९८ मध्ये लोगो वापरायला मनाई झाली. संहितेच्या (कोडच्या) हक्कांवरून पुढे बरीच घासाघीस झाली. २००१ मध्ये तडजोड होऊन मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर दिले आणि तो लोगो कायमचा सोडला.

ज्यांना वाटतं की ओपन सोर्समध्ये (जिथे कोड सगळ्यांना खुला असतो) ही कटकट नाही, त्यांच्यासाठी: अपाचे परवाना २.० चं सहावं कलम वाचा. संहिता हवी तशी वापरा, नाव मात्र मिळणार नाही. डेबियनवाले (लिनक्सवर आधारलेली मोफत संगणकप्रणाली बनवणारे) फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे बदल करायचे आणि लोगो वगळून नाव ठेवायचे. फायरफॉक्स बनवणारी मोझिला म्हणाली, नाव हवं तर लोगोही घ्या आणि बदल आम्हाला दाखवा. डेबियनने २००६ मध्ये नावच बदललं, आइसवीझल! दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, परत फायरफॉक्स. लिनक्सचं तर नाव आधी भलत्याच माणसाने नोंदवलं होतं, १९९७ मध्ये ते लिनक्सच्या जनकाकडे, टोरवाल्ड्सकडे आलं.

---

चाकोरी | बुधवार, सकाळी ११:१५

थोडं अवांतर, पण ‘नाव कुणाचं’ यावरून रोल्स-रॉईस आठवलीच पाहिजे. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने मोटारींचा कारखाना घेतला, बेंटली घेतली, समोरची ती पंखवाली बाहुली आणि जाळीचा आकारही घेतला. पण ‘रोल्स-रॉईस’ हे नाव विमानाची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीचं! तिने मोटारींपुरता परवाना चार कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिला. एकाकडे बाहुली, दुसऱ्याकडे नाव. शेवटी २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगनने गाड्या काढल्या आणि १ जानेवारी २००३ पासून बीएमडब्ल्यूने.

व्होल्वोवाल्यांनी शहाणपण केलं. ट्रकवाली आणि मोटारवाली कंपनी वेगळ्या झाल्या तरी नाव दोघींच्या सामाईक कंपनीकडे ठेवलं.

---

खोडरबर | बुधवार, सकाळी ११:२२

बाहुली असलेली पण नाव नसलेली गाडी म्हणजे माझं इथलं खातं. चित्र आहे, ओळख नाही.

---

संकेतशब्द | बुधवार, दुपारी १२:०५

चाकोरी, तशी वाटणी करूनही भांडण टळत नाही हो. ॲपल कॉम्प्युटर आणि बीटल्सची ॲपल कोअर यांनी १९९१ च्या करारात क्षेत्रं वाटून घेतली होती, संगणक इकडे, संगीत तिकडे. मग कॉम्प्युटरवाल्यांचं गाणी विकणारं आयट्यून्स आलं. २००६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने कॉम्प्युटरवाल्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २००७ मध्ये दोघांनी नवा करार केला. १९९१ मध्ये व्याख्या लिहिणाऱ्याला तबकडीशिवाय गाणं विकता येईल हे कुठून दिसणार?

---

वेलांटी | बुधवार, दुपारी ४:५०

माझा प्रश्न जरा वेगळा. मी असल्या कंपन्यांची माहितीपुस्तकं मराठीत करते. त्यांच्या वापर-नियमांत नेहमी असतं: चिन्ह कायम विशेषणासारखं वापरा, नाम किंवा क्रियापद करू नका, अनेकवचन करू नका, षष्ठी लावू नका, अक्षरांत काहीही जोडू नका. आता मराठीत मी ‘अमुकला’, ‘अमुकच्या’, ‘अमुकमध्ये’ न लिहिता एक पान लिहून दाखवा बरं! प्रत्येक वेळी ‘अमुक सॉफ्टवेअरमध्ये’ लिहायचं. वाचणाऱ्याचा जीव जातो, पण करार शाबूत.

आणि देवनागरीत लिहिलेलं नाव हे ‘चिन्ह’ आहे का? व्याख्येत फक्त रोमन लिपीतलं असतं.

---

खोडरबर | बुधवार, दुपारी ४:५८

विभक्तीमुळे करारभंग. पाणिनीला साक्षीला बोलवा.

---

शाई_सांडली | बुधवार, सायंकाळी ५:३०

वेलांटी, नियम त्रासदायक पण कारण खरं आहे. ‘एस्केलेटर’ हे एके काळी ओटिस कंपनीचं चिन्ह होतं. सरकत्या जिन्याचंच ते नाव होऊन बसलं आणि १९५० मध्ये रद्द झालं. थर्मॉसचं १९६३ मध्ये अमेरिकेत तसंच झालं. आपण मराठीत ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणतो ना, त्या वाक्याने झेरॉक्स कंपनीच्या वकिलांची झोप उडत असेल.

देवनागरीचा प्रश्न फार चांगला. लिप्यंतर धरलंय असं समजून चालू नका. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनला चिनी लिपीतल्या स्वतःच्याच नावासाठी भांडावं लागलं, दुसऱ्या एका कंपनीने ते नोंदवून ठेवलेलं. २०१६ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या लिपीपुरता त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा परिशिष्टात लिपीसकट लिहून घ्यावं.

---

चाकोरी | बुधवार, सायंकाळी ६:१०

कंपनीच बुडाली तर? म्हणजे नाव देणारी. हे विचारायचं राहिलं.

---

जुनी_दौत | बुधवार, रात्री ८:४५

देशोदेशी वेगळं. अमेरिकेत २०१९ च्या मिशन विरुद्ध टेम्प्नॉलॉजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिवाळखोरीत मालकाने करार झिडकारला तरी परवानाधारकाचा नाव वापरायचा हक्क त्याने संपत नाही. बाकी ठिकाणी करारात काय लिहिलंय त्यावर बरंच. नक्कल करणाऱ्यावर दावा कोण लावणार, हेही तसंच. भारताच्या १९९९ च्या कायद्यात नोंदणीकृत वापरकर्त्याला (ज्याची नोंद ट्रेडमार्क कार्यालयात झालीय अशाला), करारात वेगळं नसेल तर, दावा लावता येतो. नुसत्या परवानगीवर वापरणाऱ्याला येत नाही.

पण अर्धविराम, एक विचारायचं कालपासून मनात आहे. तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचं नाव काय?

---

अर्धविराम | बुधवार, रात्री ९:१२

त्यांचं नाव आणि पुढे जोडून ‘सोबती’. म्हणजे समजा ‘अमुकसोबती’. चार वर्षं तेच आहे. लोक नुसतं सोबतीच म्हणतात. का?

---

जुनी_दौत | बुधवार, रात्री ९:२०

व्याख्येची शेवटची ओळ परत वाचा. ‘गल्लत होण्याइतके साम्य असलेले कोणतेही चिन्ह.’ मग नावलौकिकाचं कलम वाचा.

---

अर्धविराम | बुधवार, रात्री ९:४१

बापरे.

---

वाटसरू_दोन | बुधवार, रात्री ९:४४

म्हणजे सही केली की सोबती त्यांची?

---

जुनी_दौत | बुधवार, रात्री १०:१०

तसा अर्थ काढायला पूर्ण वाव आहे. करार संपेल त्या दिवशी स्वतःच्याच सॉफ्टवेअरचं नाव उतरवावं लागेल. मी दोन गोष्टी मागेन. व्याख्येतून ते शेपूट कापा: ‘परिशिष्ट अ मधील चिन्हे आणि तेवढीच’, भर घालायची तर दोघांच्या लेखी संमतीने. आणि तुमच्या चिन्हांचं वेगळं परिशिष्ट ब जोडा, ‘ही परवानाधारकाची, कंपनी त्यांवर हक्क सांगणार नाही’. मात्र त्यात त्यांच्या नावाला चिकटलेलं जोडनाव टाकू नका, ते कधीच मान्य होणार नाही. नुसतं ‘सोबती’ टाका. आधी ते दुसऱ्या कुणी नोंदवलेलं नाही ना, ते तपासा.

---

संपादक | गुरुवार, सकाळी १०:००

यापुढचे अवांतर प्रतिसाद (विभक्ती प्रत्यय, सरकते जिने, कुणाकडे कोणती गाडी आहे) वेगळ्या धाग्यावर हलवले जातील. मूळ विषयाला धरून लिहावे.

---

खोडरबर | गुरुवार, सकाळी १०:०३

‘धाग्यावर’ लिहिताना ‘वर’ हा प्रत्यय लावण्याची लेखी परवानगी घेतली होती का?

---

अर्धविराम | पुढच्या शनिवारी, दुपारी १२:३०

मंडळी, खुलासा द्यायला आलोय. वकीलबाईंना तुमचे प्रतिसाद छापूनच दिले, ‘अर्धं काम झालंय’ म्हणाल्या. आम्ही परिशिष्ट अ मागितलं. चार वेळा आठवण केल्यावर आलं. तीन ओळींचा तक्ता.

पहिली ओळ: कंपनीचं नाव, नोंदणी क्रमांक, वर्ग ९. ट्रेडमार्कची नोंदणी वस्तू-सेवांच्या वर्गांनुसार होते, आणि वर्ग ९ म्हणजे सॉफ्टवेअर. आमचं निम्मं काम प्रशिक्षणाचं, ते वर्ग ४१ मध्ये येतं आणि तिथे त्यांची नोंदणीच नाही. म्हणजे ज्यासाठी पैसे मागत होते त्यातल्या निम्म्याला नोंदणीचा आधार नाही. दुसरी ओळ: लोगो, पण जुना, तीन वर्षांपूर्वी त्यांनीच बदललेला. नवा, जो आम्हाला वापरायला सांगतात, तो यादीत नाही.

तिसऱ्या ओळीत ‘अमुकसोबती’. क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ, आणि स्थिती: ‘अर्ज करावयाचा आहे’.

भागीदाराला ती ओळ दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, रुंद व्याख्या.

वकीलबाईंनी ती ओळ खोडून घेतलीय, कंपनीने एका ईमेलमध्ये होकार दिला. ‘तेवढीच’ हा शब्दही आला. वर्ग ४१ चा अर्ज ते करताहेत, तोवर प्रशिक्षणाचे पैसे नाहीत. मंजुरीची मुदत दहा दिवस, उत्तर नाही तर होकार. आमचं जोडनाव आम्ही सोडतोय, सहा महिन्यांत. ‘सोबती’ मात्र शोधल्यावर आधीच दुसऱ्या कुणाचं निघालं, त्याच वर्गात.

तेव्हा नवं नाव हवंय. सुचवा.

---

टाचणी | शनिवार, दुपारी १२:४१

परिशिष्ट.

---

वेलांटी | शनिवार, दुपारी १:०५

काहीही ठेवा, पण अकारान्त ठेवा. प्रत्यय लावताना सामान्यरूप सोपं जातं.

---

पानगळ | शनिवार, रात्री ८:१५

नाव ठरलं की छापायच्या आधी अर्ज करा. आणि संकेतस्थळाचा पत्ता त्याच दिवशी, स्वतःच्या नावावर.

---

खोडरबर | शनिवार, रात्री ८:२०

मी पाच नावं सुचवली असती, पण आधी परवाना करार पाठवा. परिशिष्ट कोरं चालेल.